स्वतःशी केलेला करार

१

निर्मिती सुरू कशी होते याविषयी साहित्यविचारात जेवढे लिहिले गेले आहे, त्याच्या मानाने ती टिकते कशी याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. प्रतिभा, स्फूर्ती, संवेदनस्वभाव, अनुभवाची अपरिहार्यता या आपल्या परिचयाच्या संज्ञा आरंभाकडे पाहणाऱ्या आहेत. पहिली ओळ कोठून आली याचा काही उलगडा त्यांच्या साहाय्याने होऊ शकतो. मात्र सातव्या वर्षी, कोणी मागितलेले नसताना, कोणताही मोबदला दिसत नसताना, तेच काम पुन्हा हाती घेऊन बसणाऱ्या माणसाविषयी त्या फारसे काही सांगत नाहीत.

संस्कृत काव्यशास्त्राला हा प्रश्न अगदीच अपरिचित होता असे नाही. मम्मटाने काव्यहेतूंमध्ये शक्ती आणि निपुणता यांच्या जोडीला अभ्यासालाही स्थान दिले. पुढील चर्चेत शक्तीचा, म्हणजे प्रतिभेचा, मान वाढत गेला आणि अभ्यास हा त्या तिघांतील गरीब नातेवाईक ठरला. मम्मटाच्या आधी, दहाव्या शतकाच्या सुमारास, राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कवीच्या दिनचर्येचाच विचार केला होता. दिवसाचे चार प्रहर पाडून त्याने अध्ययन, रचना, काव्यगोष्ठी आणि केलेल्या रचनेचे परीक्षण यांना आपापली वेळ नेमून दिली. काव्यरचनेच्या वेळेवरूनही त्याने कवींचे प्रकार केले आहेत. जगापासून दूर, बंद जागेत बसून लिहिणारा तो असूर्यंपश्य. दुसऱ्या कुणाच्या सेवेत वा व्यवसायात असून त्यातून मिळालेल्या सवडीत लिहिणारा तो दत्तावसर.

आधुनिक काळातील बहुतेक लेखक दत्तावसर आहेत. शिक्षक, कारकून, डॉक्टर, धर्मोपदेशक, जाहिरात व्यवसायातील चित्रकार अशी त्यांची दुसरी ओळख असते आणि ती पोट भरणारी असते. त्यांचे 'स्वतःचे काम' दिवसाच्या उरल्यासुरल्या वेळेत होते. या कामाचे वैशिष्ट्य असे, की ते सोडून दिले तर कोणाचेही प्रत्यक्ष नुकसान होत नाही. कचेरीतील कागद अडला तर विचारणा होते, लिहिण्याचा कागद अडला तर होत नाही. म्हणून या कामाच्या सातत्याचा प्रश्न मुळात नैतिक आहे. ज्या कामाची कोणी मागणी केलेली नाही, त्याच्याशी माणूस बांधला जाऊ शकतो का? जात असेल तर कोणत्या बंधनाने?

थॉमस हॉब्स याने 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) केलेला एक युक्तिवाद येथे लक्षात घेण्यासारखा आहे. विषय राजसत्ता आणि कायदा यांचा आहे. परंतु त्याचे सूत्र असे, की जो बांधू शकतो तोच सोडवूही शकतो, म्हणून जो केवळ स्वतःशी बांधलेला आहे तो बांधलेला नाहीच. हे सूत्र सर्जनशील कामाला लावून पाहिले तर त्याची धार जाणवते. 'रोज दोन पाने लिहीन' हा स्वतःशी केलेला करार. तो मोडण्याची परवानगी मागायची ती स्वतःकडेच, आणि ती बहुधा त्याच संध्याकाळी मिळते. सातत्य टिकवण्याच्या ज्या युक्त्या आजकाल सांगितल्या जातात, त्या बहुतेक या कराराला कुलूप घालण्याच्या युक्त्या आहेत. मात्र कुलूप कितीही मजबूत असले तरी किल्ली त्याच खिशात राहते.

२

हॉब्सचे म्हणणे खरे मानले तर टिकून राहिलेल्या कामांमध्ये करारातील दुसरा पक्ष कोणता होता, हे शोधावे लागते. त्यासाठी वसईकडे पाहणे उपयोगी ठरेल. 'सुवार्ता' या मराठी ख्रिस्ती मासिकाचा संसार ज्या जीवन दर्शन केंद्रात दीर्घकाळ राहिला, ते वसई तालुक्यातील गिरीज या गावी आहे. एका बाजूला दत्तमंदिराची हिराडोंगरी, भोवती केळीच्या बागा आणि चर्चच्या घंटेवर दिवसाचे भाग पाडणारी वस्ती असा हा परिसर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता'चे संपादन केले. धर्मगुरू म्हणून येणाऱ्या जबाबदाऱ्या होत्याच. शिवाय १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली आणि बागायती जमीन, विहिरींचे पाणी व बांधकाम व्यवसायाच्या आश्रयाने वाढलेली दहशत या प्रश्नांवर दिब्रिटो रस्त्यावर उतरले. या सगळ्याच्या पलीकडे त्यांचे एक 'स्वतःचे काम' होते, ते म्हणजे संपूर्ण बायबल आजच्या मराठीत आणणे. अनेक वर्षांच्या श्रमानंतर २०१० मध्ये 'सुबोध बायबल' प्रसिद्ध झाले.

या उदाहरणातून सहज निघणारा निष्कर्ष असा, की मासिक आणि चळवळ यांनी ग्रंथाचा वेळ खाल्ला. संपादनातून मोकळे झाल्यावर तीन वर्षांनी ग्रंथ आला, हा क्रमही त्या निष्कर्षाला अनुकूल दिसतो. परंतु तो पुरेसा नाही. मासिकाचे संपादन हे दर महिन्याला नवे होणारे वचन असते. वर्गणीदार संपादकाच्या मनःस्थितीची चौकशी करीत नाही. अंक आला नाही तर तो का आला नाही एवढेच विचारतो. पानवेलीच्या वाडीचेही असेच असते. वेलीला पाणी हवे असते, आणि मालकाला आज उत्साह आहे की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसते. चोवीस वर्षे असे वचन पाळणाऱ्या माणसाच्या हाताला स्फूर्तीची वाट न पाहता कामाला बसण्याचे वळण पडते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मासिकाने त्या ग्रंथाला वाचक दिला. 'सुबोध' हे विशेषण निव्वळ शैलीचे वर्णन नाही, ते कोणासाठी हे सांगणारे आहे. चर्चच्या आत घडलेली मराठी आणि चर्चबाहेरची मराठी यांच्यामधले अंतर ज्याने दर महिन्याला पानापानावर अनुभवले आहे, त्याला भाषांतर करताना समोर एक विशिष्ट माणूस दिसत असणार. तो ख्रिस्ती असेल किंवा नसेल, पण मराठी वाचणारा असेल आणि त्याला हा ग्रंथ परका वाटत असेल. 'करार' हा मराठी बायबलमधलाच शब्द आहे, जुना करार आणि नवा करार. त्या संकल्पनेत दोन पक्ष गृहीत आहेत. एकट्याने करार होत नाही. दिब्रिटोंनी आपल्या आत्मकथनाला 'नाही मी एकला' असे नाव दिले. या चर्चेच्या संदर्भात ते नाव एका नैतिक भूमिकेसारखे वाचता येते.

३

येथे एक आक्षेप संभवतो. वाचकाची गरज हाच आधार असेल, तर जे काम आधीच झालेले आहे ते पुन्हा करण्याला काय आधार? मराठीत बायबल एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होते. हाच प्रश्न दिब्रिटोंच्या सुमारे शंभर वर्षे आधी पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्यासंबंधीही उपस्थित होतो, आणि तेथे तो अधिक तीव्र आहे.

केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया होत्या. त्यांचे अन्न, औषध, शिक्षण यांचा भार रमाबाईंवर होता. या भाराखाली असताना आयुष्याच्या अखेरच्या दीड दशकाहून अधिक काळ त्या बायबलचे भाषांतर करीत राहिल्या. प्रचलित भाषांतरावर विसंबायचे नाही, मूळ भाषांकडे जायचे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये संस्कृतवरील प्रभुत्वासाठी 'सरस्वती' ही पदवी दिली होती, तिने या भाषांतरात संस्कृतप्रचुर मराठी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. अल्पशिक्षित स्त्रीला ऐकताक्षणी समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. जुळणी आणि छपाईचे काम मुक्तीमधल्या स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचे निधन झाले, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आधीचे भाषांतर उपलब्ध होते हे खरे. पण रमाबाईंच्या भोवती बसलेल्या स्त्रियांना ते उपलब्ध नव्हते, कारण त्याची भाषा त्यांची नव्हती. एखादे काम 'झालेले' आहे की नाही हे ते कोणासाठी व्हायचे होते यावर ठरते. ज्यांच्यासाठी ते झालेले नाही, त्यांचे देणे शिल्लक राहते, आणि ते देणे आपल्याकडे आहे असे एखाद्याला वाटणे हाच त्या कामाचा खरा प्रारंभ असतो. फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तही (१६१६) हेच दिसते. त्या ग्रंथाच्या आरंभीच नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या वतीने एक ब्राह्मण पाद्रीकडे पुराणाची मागणी करतो. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले आणि सुमारे सदतीस वर्षांनी त्यांचा हा ग्रंथ राचोल येथे छापला गेला. कोणीतरी मागितले आहे, हे कवीने ग्रंथातच नोंदवून ठेवले.

रमाबाईंच्या भाषांतराचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. मंडळ्यांमध्ये प्रचारात राहिले ते बायबल सोसायटीचे भाषांतर. केवळ फलिताच्या हिशेबाने पाहिले तर ती वर्षे वाया गेली असे कोणी म्हणू शकेल. 'उत्पादकता' या शब्दाची मर्यादा येथे उघडी पडते. तो शब्द कारखान्यातून आला आहे आणि तयार मालाची मोजदाद करणे एवढेच त्याला येते. देणे फिटले की नाही हे त्याला विचारता येत नाही.

४

आतापर्यंतची दोन्ही उदाहरणे धर्मनिष्ठ व्यक्तींची आहेत. श्रद्धा आणि समाज दोन्ही पाठीशी असलेल्यांना दुसरा पक्ष सापडणारच, असे म्हणता येईल. परंतु धर्मजीवनालाच सातत्याचा हा रोग फार जवळून ठाऊक होता. चौथ्या शतकातील मठवासी इव्हॅग्रियस याने त्याला 'असेडिया' या नावाने ओळखले. भर दुपारी साधूला सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते. तो पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो. ही जागा, हे हातकाम, हे आयुष्य यांचा त्याला कंटाळा येतो. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर सारे सुरळीत होईल असे वाटू लागते. पाचव्या शतकात कॅसियनने या वर्णनात एक विलक्षण बारकावा टिपला आहे. या अवस्थेतला साधू आळसाने झोपतोच असे नाही, तो आजाऱ्यांच्या भेटीला निघतो. पळून जाण्यासाठी तो सत्कृत्याची वाट निवडतो.

हे निरीक्षण मागील विवेचनाला अडचणीत आणणारे आहे. चळवळीसाठी लिहिण्याचे मेज सोडणारा लेखक कर्तव्याकडे जात असतो की कामापासून पळत असतो? मराठीत बांधिलकीची चर्चा पुष्कळ झाली, पण ती बहुधा साहित्यकृतीच्या आशयाविषयी झाली. लेखकाच्या वेळेवर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. वसईत विहिरी आटत असताना एखाद्या श्लोकाचे पाचवे भाषांतर करीत बसणे ही आत्ममग्नता ठरू शकते. उलट, दर आठवड्याला नवी सभा आणि नवे निवेदन यांत रमून हाती घेतलेला ग्रंथ कायमचा बाजूला सारणे ही कॅसियनने वर्णिलेली पळवाट ठरू शकते. बाहेरून पाहता दोन्ही जाणी सारखीच दिसतात. त्यांतला फरक जाण्याच्या क्षणी कळत नाही. माणूस परत येतो की नाही यावरून तो कळतो. रमाबाई दुष्काळाकडे गेल्या आणि हिब्रूच्या पानाकडे परत आल्या. दिब्रिटो मोर्चाकडे गेले आणि परत आले.

कॅसियनने सांगितलेली दुसरी एक कथा मात्र या विवेचनाला सरळ आव्हान देते. पॉल नावाचा एक साधू वाळवंटात इतका आत राहत होता, की त्याने खजुराच्या पानांचे केलेले काम बाजारात नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता. तरीही तो रोजचा नेम चुकवीत नसे. वर्षअखेर गुहा भरली की तो सगळे जाळून टाकी आणि पुन्हा आरंभ करी. येथे वाचक नाही, ग्राहक नाही, कोणी मागणारा नाही. मग करार कोणाशी? साधूपुरते उत्तर ईश्वर असे आहे. परंतु कलावंताला ते उत्तर उसने घेता येत नाही. त्याचे काम जाळण्यासाठी केलेले नसते. जपून ठेवण्यासारखे काही त्यात आहे अशी त्याची धारणा असते.

अरुण कोलटकरांचे उदाहरण येथे आठवते. १९७६ मध्ये इंग्रजी 'जेजुरी', १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता', आणि त्यानंतर पाव शतक जवळजवळ मौन. जाहिरात क्षेत्रातील नावाजलेला ग्राफिक कलावंत, काळा घोडा परिसरातील उपाहारगृहात मित्रांसमवेत बसणारा माणूस, अशी त्यांची सार्वजनिक ओळख होती. मग २००३ मध्ये 'भिजकी वही' आणि 'चिरीमिरी', २००४ मध्ये इंग्रजीतील दोन संग्रह, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू. प्रकाशनाच्या तारखांवरून जे मौन दिसत होते ते प्रत्यक्षात काम होते. वाचकाचा तगादा नव्हता. असता तरी कोलटकरांनी तो मानला असता असे त्यांच्या एकंदर वृत्तीवरून वाटत नाही.

तरीही 'भिजकी वही' एकट्याशी केलेल्या कराराचे फळ आहे असे म्हणता येत नाही. हिपेशिया, कण्णगी, नादेज्दा अशा वेगवेगळ्या काळांतल्या आणि देशांतल्या स्त्रियांचे अश्रू हा त्या ग्रंथाचा विषय आहे. त्यांपैकी नादेज्दा मांडेलश्टाम हिने नवऱ्याच्या जप्त होऊ शकणाऱ्या कविता वर्षानुवर्षे तोंडपाठ करून जपल्या. तिचे ते पाठांतर हेच सातत्याचे एक मोठे उदाहरण आहे, आणि त्यात स्वतःचे म्हणावे असे काहीच नव्हते. अशा स्त्रियांना एका वहीत आणणाऱ्या कवीला त्यांच्यापैकी कोणीही विचारणा करणार नव्हते. तरी त्यांचे देणे होते. घाईने केलेली कविता त्यांच्या दुःखाचा दुसऱ्यांदा अपमान करील, ही जाणीव प्रकाशकाच्या तगाद्यापेक्षा कडक असू शकते. म्हणजे दुसरा पक्ष जिवंत वाचकच असला पाहिजे असे नाही. तो विषयातला माणूस असू शकतो, आधी होऊन गेलेला कवी असू शकतो, स्वतः भाषा असू शकते. अट एवढीच, की त्याच्याकडून सूट मिळवणे आपल्या हाती नसावे. मृतांकडून सूट मिळत नाही, म्हणून त्यांच्याशी झालेला करार सर्वांत घट्ट.

५

मराठीला या बंधनासाठी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे वसा. व्रताच्या कहाण्यांमध्ये वसा घेतला जातो, तो कोणाकडून तरी घेतला जातो, आणि उतायचे नाही, मातायचे नाही ही त्याची अट असते. या तिन्ही गोष्टी प्रस्तुत प्रश्नाला लागू पडतात. वसा मनात आला म्हणून सुरू होत नाही. तो देणारे कोणी असते. तो टाकता येत नाही, कारण तो आपल्या एकट्याचा नसतो. आणि त्याचे सर्वांत मोठे संकट आळस हे नसून मातणे हे आहे.

या शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते. दीर्घकाळ काम करणाऱ्याला हळूहळू आपल्या श्रमांचाच मोह पडतो. किती वर्षे, किती पाने, किती त्याग याचा हिशेब तो ठेवू लागतो. घरातली माणसे, विशेषतः त्याला सवड मिळावी म्हणून स्वयंपाकघर आणि आजारपणे सांभाळणारी स्त्री, या हिशेबात कोठेच नसतात. दत्तावसर कवीला अवसर देणारे कोणीतरी असते, आणि त्याचेही देणे कामावर चढत असते. आपल्या वाङ्मयीन चरित्रांमध्ये ज्या निष्ठेचा गौरव होतो, तिच्यातील किती भाग दुसऱ्याच्या वेळेवर उभा होता, हे तपासल्याशिवाय तो गौरव निर्दोष म्हणता येणार नाही. जे काम या देण्याला नाकारते ते टिकले तरी त्याचा वसा मोडलेला असतो.

दुसरी बाजूही आहे. वसा घेणाऱ्याला काही दिवस चुकतात. कहाण्यांमधल्या व्यक्तींनाही चुकतात. चूक झाली म्हणून कहाणी संपत नाही, वसा पुन्हा घेतला जातो आणि कहाणी पुढे जाते. सातत्याची प्रचलित कल्पना अखंडतेची आहे. एक दिवस चुकला की साखळी तुटली, आणि तुटली की ती सोडून दिलेली बरी. ही कल्पना यंत्रावरून घेतलेली आहे. माणसाच्या कामात अखंडता क्वचितच असते. आजारपण येते, मूल जन्माला येते, गावाच्या जमिनीवर संकट येते, माणूस मेजावरून उठतो. नैतिक प्रश्न उठण्याचा नसून परतण्याचा आहे. स्वतःशीच करार केलेल्या माणसाला परतण्याचे कारण उरत नाही, कारण जेथे परतायचे तेथे त्याच्याखेरीज दुसरे कोणी नसते. ज्याचे काम कोणाचे तरी देणे आहे, त्याची वाट तेथे पाहिली जात असते. पाहणारा केडगावची अक्षरे जुळवणारी मुलगी असेल, वसईतला वर्गणीदार असेल किंवा अनेक शतकांपूर्वी मारली गेलेली हिपेशिया असेल.

म्हणून उत्साह कसा टिकवावा हा प्रश्न बहुधा चुकीच्या जागी विचारला जातो. उत्साह ओसरतोच, तो ओसरल्यावरही उरते ते देणे. एखादे काम वारंवार अडत असेल, तर त्या कामाच्या वेळापत्रकाकडे पाहण्याआधी ते कोणाचे आहे हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. उत्तर 'केवळ माझे' असे आले, तर ते काम सोडण्यात कदाचित काही गैरही नसेल, कारण सोडण्याचा तो अधिकार खरोखरच ज्याचा त्याला आहे. उत्तर दुसरे काही आले, तर किती दिवस चुकले याला फारसे महत्त्व उरत नाही.